पाठीवरची खिडकी

४ नोव्हेंबर

प्रिय गुंताबाई,

आज सकाळपासून आपल्या शाळेच्या शिवणवर्गाची ती उत्तरेकडची खिडकी आठवते आहे. बुधवारी दुपारी सिस्टर आपल्याला तिथे मोजे रफू करायला बसवायच्या. दोनचार टाके झाले की तुझ्या दोऱ्याचा गुंता व्हायचा. मग तू टेबलाखालून तुझा मोजा माझ्या मांडीवर सरकवायचीस आणि माझा उचलून स्वतःचा म्हणून दाखवायचीस. सिस्टरांना सगळं कळायचं. त्या एवढंच म्हणायच्या, "या मुलीचा टाका आज फारच सुधारला." तू मान खाली घालून हसायचीस. बाहेर दोरीवर चादरी वाळत असायच्या आणि त्यांचा ओला वास आत यायचा. तू गुंताबाई आणि मी टाचणी, ही नावं आपल्याला त्याच बाकावर पडली. आपण सख्ख्या नसून मावसबहिणी आहोत, हे तिथे कुणाला खरं वाटत नसे.

आठवण निघाली ती तुझ्या लेकीमुळे. भिंगरी संघाबरोबर आमच्या शहरात येऊन पोचली. काल तिच्या आग्रहावरून मी त्यांचा पहिला फुटसालचा सामना बघायला गेले. फाटकावरच्या रखवालदाराने पर्समधली माझी भरतकामाची कात्री काढून घेतली. म्हणाला, "आजी, शस्त्र आहे." कात्री माझ्या करंगळीएवढी. देशाचं रक्षण अशा लोकांच्या हाती आहे.

आता फुटसालबद्दल. आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद, देशोदेशीचे संघ, झेंडे, गाणी, सगळं आहे. आणि मैदान? आपल्या प्रार्थनेच्या हॉलएवढं, वर छप्पर, खाली नाचघरासारखी गुळगुळीत फरशी. इकडे पाच जणी, तिकडे पाच. चेंडू धड उसळतही नाही, भिजलेल्या उशीसारखा बसतो. फुटबॉल गरम पाण्यात धुतला की आटून जो उरतो, तो फुटसाल. सुरुवातीला एका साहेबांनी भाषण केलं. युवाशक्ती, युवाशक्ती करत इतकं लांबवलं, की माझ्या शेजारची बाई झोपली. खाली बसल्यावर साहेबांनी बाजूच्या माणसाला विचारलं, "एका बाजूला किती जण असतात?"

आपण सहा-एक हरलो. तुझी लेक पूर्ण वेळ बाकावर बसून होती. मी नंतर विचारलं, "तुला काय बसण्यासाठी निवडलं आहे का?"

ती म्हणाली, "मावशी, मला शेवटी काढतात. आपण थोडक्यात हरत असलो की."

"म्हणजे पाहुणे आल्यावर काढायची कपबशी?"

"नाही गं, आग लागल्यावर काढायची बादली. आपली गोलकीपर बाहेर जाते आणि तिच्या जागी मी येते. पण गोलात थांबायचं नाही. गोल मोकळा सोडून आम्ही पाचही जणी पुढे चढतो."

"आपल्या घराला कुलूप न लावता शेजारी चोरी करायला जायचं," मी म्हणाले.

"अगदी तेच," ती म्हणाली आणि तुझ्यासारखी मान खाली घालून हसली. काल बादली निघालीच नाही. आग विझवायला घर तरी उरायला हवं.

वसतिगृहातल्या धुलाईयंत्राने मुलींचे पांढरे मोजे गुलाबी केले आहेत. मी तिला दटावून सांगितलं, तुझे कपडे माझ्याकडे आण. बाई निवृत्त झाली तरी साबण निवृत्त होत नाही.

तुझी,
टाचणी


८ नोव्हेंबर

प्रिय टाचणी,

तुझं पत्र दुकानातच वाचलं. एक गिऱ्हाईक एका पायात बूट घालून, दुसरा पाय हवेत धरून माझं वाचन संपायची वाट बघत होतं. तूही माझ्यासारखीच त्या खेळाला नाकं मुरडतेस, हे वाचून जिवाला बरं वाटलं. मला वाटलं होतं भिंगरी तुला फितवेल.

तुला सांगितलं नव्हतं, ते आता सांगते. घरून निघताना आमचा करार झाला आहे. संघ उपांत्य फेरीत गेला, तर तिने खुशाल खेळत राहावं, मी चकार शब्द काढणार नाही. नाही गेला, तर परत येऊन दुकानात बसायचं. तिने हातावर हात मारून कबूल केलं आहे. शब्दाची पक्की आहे, बापावर गेली आहे.

माझ्या गुडघ्यांना आता त्या बुटक्या स्टुलावर बसवत नाही. बसले तर उठायला दोन गिऱ्हाइकं लागतात. चपला विकायच्या तर माणसांच्या पायाशी बसावंच लागतं. नोकर ठेवून पाहिले. एकाने डाव्या पायाचे दोन बूट एकाच खोक्यात घालून विकले. हे दुकान भिंगरीच्या बापाने उभं केलं आणि ती चेंडूमागे पळते आहे. एकतीस वर्षांची घोडी, तीही बाकावर बसलेली.

तू तिथे आहेस. काहीतरी कर ना. तिच्या बुटांच्या नाड्या काप, हवं तर. गंमत करते आहे. पण पुरती गंमतही नाही.

तुझी,
गुंताबाई


११ नोव्हेंबर

प्रिय गुंताबाई,

तुझ्या शेवटच्या दोन ओळींना मी उत्तर देणार नाही. त्या उत्तराच्या लायकीच्या नाहीत.

काल दुसरा सामना झाला. आपण तीन-एक जिंकलो. चांगलं चाललं होतं, म्हणून तुझी बादली पुन्हा बाकावरच. मी नियम शिकून घेतले आहेत. एखाद्या गोष्टीला नावं ठेवायची तर ती नीट माहीत असावी. चेंडू रेषेबाहेर गेला की घड्याळ थांबतं. आपलं सारं सरकार याच नियमावर चालतं. शेवटाकडे मी थोडा वेळ उभी राहिले होते. पाय आखडले होते, दुसरं काही नाही.

आता शेवटचा सामना शुक्रवारी. नुसती बरोबरी झाली, तरी आपण उपांत्य फेरीत.

भिंगरी कपड्यांची पिशवी घेऊन आली होती. म्हणाली, "धुऊन दे फक्त. इस्त्रीबिस्त्री नको." आणि दोन घास खाऊन पळाली. मी पिशवी उपसली. लाल जर्सी, लाल जर्सी, मोजे, आणि मग एक हिरवी जर्सी निघाली. गुंते, मी जन्मभर मुलींना शिवण शिकवलं, पण असला अपमान पाहिला नव्हता. जर्सीच्या पाठीवर मधोमध चांगलं वीतभर भोक. फाटलेलं नव्हे, कापलेलं. कापणाऱ्याला कात्री धरायची अक्कल नाही. एक कड वर चढलेली, दुसरी खाली घसरलेली, जणू उंदराने पट्टी लावून कुरतडलं. हा आपला राष्ट्रीय संघ. छातीवर देशाचं चिन्ह आणि पाठ उघडी. साहेबांच्या हारतुऱ्यांत कमी पडलं नाही, पोरींच्या पाठी तेवढ्या झाकल्या नाहीत. पोर बिचारी संकोचाने बोलली नसणार, म्हणून तर इस्त्री नको म्हणाली.

जर्सी धुतली, वाळवली आणि घेऊन कापडबाजारात गेले. तो हिरवा रंग पाचव्या दुकानात मिळाला. दुकानदार म्हणाला, "बाई, नवीनच घ्या की एखादी." त्याच्याकडे नुसतं बघितलं. वाकड्या कडा सरळ केल्या, तुकडा आतून बसवला आणि असा टाका घातला, की सिस्टर असत्या तर भिंगाशिवाय त्यांनाही सापडला नसता. ठिगळ म्हणू नकोस. ठिगळ दिसतं. मग पाठ आत जाईल अशी घडी घालून ती पिशवीत तळाशी ठेवली. भिंगरीला सांगितलेलं नाही. घालील तेव्हा कळेल, की या देशात एका तरी बाईला लाज आहे.

शुक्रवारी जाणार आहे. रखवालदाराला कात्री देऊन आत जायची आता सवय झाली आहे.

तुझी,
टाचणी


१६ नोव्हेंबर

प्रिय गुंताबाई,

सामना आपण हरलो, हे तुला भिंगरीने फोनवर सांगितलंच असेल. का हरलो, ते तिने सांगितलं नसणार. ती माझ्या चुकीवर पांघरूण घालील. म्हणून मीच लिहिते.

दोन मिनिटं उरली होती आणि आपण दोन-एक मागे होतो. एक गोल हवा होता. प्रशिक्षकबाईंनी बाकाकडे बोट केलं आणि भिंगरी उठली. लाल जर्सीवर तिने ती हिरवी चढवली आणि रेषेजवळ आली. तिची पाठ माझ्याकडे होती. ती पाठ इतकी सुबक दिसत होती, की मी शेजारणीला कोपराने ढोसून म्हणाले, "बघा, आहे का कुठे टाका?"

तेवढ्यात रेषेवरच्या पंचाने भिंगरीच्या खांद्याला धरून तिला वळवलं. पाठीवर हात फिरवला आणि मान हलवली. नाही. प्रशिक्षकबाई ओरडल्या, "नंबर कुठे आहे? नंबर!" भिंगरी हात मागे नेऊन चाचपायला लागली. मग तिला उमगलं. तिने वर बघितलं आणि इतक्या माणसांत मला नेमकं शोधलं. डोळ्यांत राग नव्हता. नुसतं, मावशी, तू?

मला पुढचं तिथल्या तिथे कळलं, गुंते. गोलकीपरच्या जागी येणारीला गोलकीपरच्या रंगाची जर्सी लागते, पण पाठीवर नंबर तिचा स्वतःचाच दिसावा लागतो. ते भोक त्यासाठी होतं. त्यातून खालच्या लाल जर्सीवरचा तिचा चौदा दिसतो.

मी पायऱ्या उतरून कठड्यापर्यंत गेले. कशाला, कुणास ठाऊक. कात्री रखवालदाराच्या खणात. खाली संघाच्या फिजिओबाई पट्ट्या कापायची बोथट कात्री घेऊन भिंगरीच्या पाठीशी झटत होत्या. एका मुलीने तर दात लावले. माझा टाका सुटेना. जन्मभर पोरींना सांगत आले, टाका असा घाला की कापड फाटेल पण टाका उसवणार नाही. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, माझी सुई गंजून गेली असती तर बरं झालं असतं. आणि तिकडे मेलं घड्याळ चालूच. मघापर्यंत ऊठसूट बाहेर जाणारा चेंडू तेवढ्यात एकदाही बाहेर गेला नाही.

शेवटी भोक पडलं. भिंगरी आत गेली. एकच संधी मिळाली. तिने मारलेला चेंडू खांबाला लागून परतला आणि भोंगा वाजला.

नंतर ती मला बाहेर पायरीवर भेटली. "खिडकी म्हणतो आम्ही तिला, मावशी," ती म्हणाली.

"मग सांगितलं का नाहीस?"

"भोक दिसलं म्हणून कुणी शिवतं होय?"

"कुणीही शिवतं," मी म्हणाले.

"कुणी नाही. तू शिवतेस." आणि तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. घामाने माझं पातळ भिजलं. मी पदराने तिचं कपाळ पुसलं.

एवढं मात्र खरं, की तो मूर्ख खेळ नाही. मूर्ख कोण होतं, ते वर लिहिलं आहे. तुझा करार तू पाळायला लावशील, हे माहीत आहे. तरी विचार कर, एवढंच म्हणते.

तुझी,
टाचणी


२० नोव्हेंबर

प्रिय टाचणी,

किती साळसूदपणे लिहितेस गं. माझ्यापुढे कशाला? तुझं अकरा तारखेचं पत्र मला सामन्याच्या आदल्या दिवशी दुपारीच मिळालं होतं. जर्सीचं वाचलं आणि मी दुकानात एकटीच हसले. म्हटलं, नाड्या कापायच्या सोडून बाईने केवढी सफाईदार युक्ती काढली. माझ्या त्या ओळींना उत्तर देणार नाही म्हणालीस आणि पुढच्याच पानावर उत्तर दिलंस.

त्या भोकाचं काय काम असतं, ते मला चांगलं ठाऊक आहे. ते मीच कापलं होतं. संघाला जर्सी उशिरा मिळाल्या, ज्याने त्याने भोक घरूनच पाडून आणावं म्हणाले. मग भिंगरीने दुकानातली कातडं कापायची कात्री आणली आणि मी तिच्यादेखत कापलं. उंदीर म्हणालीस ते मी मनाला लावून घेतलेलं नाही.

फोन करून तुला थांबवावं, असं एकदा मनात आलं होतं. पण तू माझ्यासाठी करते आहेस, तर मी आड कशाला येऊ? आणि झालं ते बरंच झालं. भिंगरी घरी आली. स्टुलावर बसते आहे. गिऱ्हाइकांशी गोड बोलते. घरात फार बोलत नाही, पण ते होईल हळूहळू.

परवा तिच्या तोंडी सारखं मावशी असं आणि मावशी तसं चाललं होतं. "मावशीला बिचारीला किती वाईट वाटलं" म्हणून डोळ्यांत पाणी आणलं. मला राहवलं नाही. मी म्हटलं, वाईट वाटून घेऊ नकोस, मावशीला मीच सांगितलं होतं, आम्ही दोघी एकाच विचाराच्या आहोत. तिलाही कळू दे, की घरातली दोन वडीलधारी माणसं एक बोलतात. तू रागावणार नाहीस ना?

उपकार विसरणार नाही.

तुझी,
गुंताबाई


२८ नोव्हेंबर

मावशी,

आईने सगळं सांगितलं. मी पायरीवर तुमची समजूत काढत होते, तेव्हा तुम्ही मनात हसत असाल.

मी खेळू नये असं वाटत होतं, तर तोंडावर सांगायचं. तुम्ही सगळ्या जगाला तोंडावर सांगता. तो खांबाला लागलेला चेंडू मला रोज दिसतो. दोन मिनिटं आधी आत गेले असते, तर तसे आणखी चार मारले असते.

संघाच्या सरावाचं पुढचं शिबिर वीस डिसेंबरला सुरू होतंय. मला बोलावणं आलं आहे. आईने कराराची आठवण करून दिली. मी शब्द दिला होता, म्हणून नकार कळवणार आहे.

हिरवी जर्सी सोबत परत पाठवते. फिजिओताईंनी कापली तशीच आहे. तुमचंच काम आहे, तुमच्याकडेच राहू दे.

भिंगरी


६ डिसेंबर

गुंताबाई,

या वेळी प्रिय लिहिलेलं नाही. विसरले असं समजू नकोस.

तुझ्या लेकीचं पत्र आलं. त्यात तिने मला तुम्ही म्हटलं आहे. मी तिला अंघोळी घातल्या आहेत, तिचा पडलेला पहिला दात माझ्या सुयांच्या डबीत आहे, आणि ती मला तुम्ही म्हणते. त्या एका शब्दापायी मी तुला आज मनसोक्त नावं ठेवणार आहे. तू बूट हातात घेऊन वाचत असशील, तर तो आधी गिऱ्हाइकाच्या पायात घाल.

मी त्या खेळाला हसले, साहेबांना हसले, रखवालदाराला हसले. ज्यांना हसायला हवं होतं त्या बाई चपलांच्या दुकानात बसून माझं पत्र वाचत होत्या. मी अडाणीपणाने भोक शिवलं. तू शहाणी होतीस आणि फोनकडे बघत बसलीस. वर म्हणतेस, मी आड कशाला येऊ. तुझी पोर तिथे पाठ चाचपत उभी होती. ती पाठ मी पाहिली, तू नाही.

मी तुझ्या कटात आहे असं तुला वाटलं, याचा मला सगळ्यांत संताप आहे. माझी इतकी वर्षांची पत्रं तू वाचलीस आणि एवढंच वाचलंस? लहानपणी माझा मोजा उचलून स्वतःचा म्हणून दाखवायचीस. आता माझी चूक उचलून स्वतःची म्हणून दाखवलीस. तेव्हा सिस्टर काही बोलत नसत आणि मीही बोलत नसे. त्याचंच हे फळ.

जर्सी मी नीट केली आहे. भिऊ नकोस, शिवलेली नाही. बोथट कात्रीने झालेल्या दशा काढल्या, तुझ्या वाकड्या कडा पट्टीने आखून सरळ केल्या आणि चारही बाजूंनी काजाचा टाका घातला. आता ती खरोखर खिडकीसारखी दिसते. आरशापुढे पाठीवर धरून पाहिली. चौदा नीट दिसेल. चौदाच काय, चारशे चौदाही दिसेल.

तुझा करार मी पुन्हापुन्हा वाचला. त्यात एवढंच आहे, की संघ हरला तर दुकानात बसायला माणूस हवं. बरोबर आहे, हवंच. ते माणूस रविवारी सकाळच्या गाडीने येतं आहे. माझे गुडघे जन्मभर शाळेच्या लाकडी बाकांवर बसून तयार झाले आहेत, त्यांना तुझं स्टूल जड नाही. डावा-उजवा पाय मला ओळखता येतो. गिऱ्हाइकांशी गोड बोलायचं तेवढं शिकावं लागेल. तू मला फोन करून नको म्हणशील, म्हणून सांगते, या वेळी मी फोनकडे बघत बसणार आहे.

मी पोचेपर्यंत पुढच्या गोष्टी झाल्या पाहिजेत.

भिंगरीने नकार कळवला असेल, तर येते म्हणून पुन्हा कळवायला सांग. तिला समोर बसवून तू तुझ्या तोंडाने सांग, की मावशीला माहीत नव्हतं, मला माहीत होतं. एवढंच सांग. पुढे पण, परंतु, तुझ्याच भल्यासाठी, यातलं काही जोडू नकोस. या एका वाक्याचा तरी गुंता करू नकोस.

पार्सलातली हिरवी जर्सी भिंगरीला. काउंटरवर ठेवून नव्हे, हातात.

करंगळीएवढी कात्री संघाच्या फिजिओबाईंना. ती जर्सीच्या घडीत आहे, भिंगरी शिबिराला नेईल. त्यांना म्हणावं, बोथट कात्री पट्ट्यांना ठेवा, ही माझ्यासारख्या बायकांसाठी जवळ असू द्या.

दाताची डबी कुणालाही नाही, ती माझ्याजवळ राहील.

हिरवं कापड बरंच उरलं आहे. त्याच्या दोन पट्ट्या शिवून आत कापूस भरला आहे. त्या तुला, गुडघ्यांना बांधायला. रागात शिवल्या आहेत, उसवणार नाहीत.

आणि माणसांच्या पायाशी बसायचं ते बुटकं स्टूल मला.

टाचणी